केडगांवच्या मुक्तिसदनांतील एक वर्ष (इ. स. १९०५)

पंडिता रमाबाईंचें चरित्र लिहिणाऱ्या बहुतेकांनीं इ. स. १९०५ च्या जून महिन्यांतील एका रात्रीस मोठें स्थान दिलें आहे. त्या रात्रीं केडगांव येथील मुक्तिसदनांत जी धर्मजागृति झाली, तिची वार्ता थोड्याच काळांत इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथें पोंचली आणि ख्रिस्ती जगाच्या इतिहासांत ह्या लहानशा गांवाचें नांव कायमचें नोंदलें गेलें. परंतु एका रात्रीच्या तेजामुळें तिच्या मागचेपुढचे महिने अंधारांत राहावे, असें ह्या प्रकरणीं झालें आहे. सदनांतील मंडळींत मुलींच्या व तरुण स्त्रियांच्या धर्मशिक्षणाची व्यवस्था काय होती, त्यांजकडून काय अपेक्षिलें जात होतें आणि त्यांनीं स्वतः काय केलें, हें पाहिल्यावांचून त्या रात्रीचा अर्थ लागत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय रात्र नव्हे, वर्ष होय.

सदनांतील मुलें तेथें कशीं आलीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. रमाबाईंनीं ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन काढलें, तें मुख्यतः उच्चवर्णीय विधवांकरितां. पुढील वर्षाच्या अखेरीस तें पुण्यास आलें. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां रमाबाई तिकडे गेल्या आणि कांहीं महिन्यांतच सुमारें तीनशें मुली व बाया त्यांच्या आश्रयास आल्या. पुण्यांत प्लेगचा कहर चालू असल्यानें इतकी मंडळी शहरांत ठेवतां येईना. पुणें-दौंड लोहमार्गावरील केडगांव येथें रमाबाईंनीं पूर्वींच सुमारें शंभर एकर जमीन घेऊन ठेविली होती. तेथें त्यांची सोय करावी लागली. तेंच मुक्तिसदन. ही घडी बसते न बसते तोंच संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, दुष्काळ आला. गुजराथ व काठेवाड तर त्यानें होरपळलेंच. पण पंचमहालांपासून खानदेशांतील अक्राणी-मोलगीकडील सातपुड्यापर्यंत पसरलेल्या भिल्ल मुलखासही त्याची झळ लागली. गुजराथींत ‘छप्पनियो’ हा शब्द आजही महादुष्काळाचा वाचक आहे. ह्या खेपेस रमाबाईंनीं आपल्या सहकारी स्त्रियांस गुजराथेंत धाडलें आणि सदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

म्हणजे १९०५ सालीं ज्या मुली पंधरा ते वीस वर्षांच्या होत्या, त्यांपैकीं पुष्कळ जणी सात ते पंधरा वर्षांच्या वयांत, आप्त गमावून, भुकेनें व रोगानें जर्जर होऊन तेथें आलेल्या होत्या. कोणाची भाषा मराठी, कोणाची हिंदी, कोणाची गुजराथी. जातिभेद, प्रांतभेद व वयोभेद ह्या तिन्हींची एकत्र सरमिसळ झालेली एवढी मोठी वस्ती त्या काळच्या महाराष्ट्रांत दुसरीकडे क्वचितच असेल. आणि ती सर्व स्त्रियांनीं चालविलेली होती, हें विशेष.

त्या काळीं ख्रिस्ती मंडळ्यांत मुलांकरितां जीं साधनें रूढ होतीं, त्यांच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे केडगांवचें वेगळेपण दिसतें. रविवारच्या शाळेची चाल इंग्लंडांत ग्लॉस्टर येथील रॉबर्ट रेक्स ह्यानें १७८० सालीं काढलेल्या शाळेपासून पसरली. आठवडाभर कारखान्यांत राबणाऱ्या मुलांस सुटीच्या दिवशीं वाचन व धर्म शिकवावा, हा तिचा हेतु. हिंदुस्थानांतील अशा शाळांचा संघ १८७६ सालीं अलाहाबाद येथें स्थापन झाला. तरुणांकरितां फ्रान्सिस क्लार्क ह्या पाद्र्यानें अमेरिकेंत पोर्टलंड येथें १८८१ च्या फेब्रुवारींत ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ नांवाची संस्था काढली. तींत प्रत्येक सभासदानें शपथपूर्वक कांहीं सेवा अंगावर घ्यावी असा नियम होता. तिचा प्रसार मराठी मंडळ्यांतही झाला. मुंबईचे रेव्हरंड सुमंतराव करमरकर १८९३ सालीं ह्या संस्थेच्या कॅनडांतील माँट्रिअल येथील अधिवेशनास गेले होते. त्यांच्या भाषणावरून तेथील रोमन कॅथलिक लोकांत एवढा क्षोभ झाला कीं दंग्यापर्यंत मजल गेली. मराठी पाद्र्याच्या एका व्याख्यानानें कॅनडांतील शहर हादरावें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. वाचनाच्या बाजूनें पाहतां अमेरिकन मराठी मिशनचें ‘बालबोधमेवा’ हें मुलांचें मासिक एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून निघत होतें, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीची लेखणी त्या मिशनच्या सेवेंत होती.

परंतु ह्या सर्व साधनांच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट आहे, ती घर. मूल रविवारीं शाळेंत येतें आणि शाळा सुटल्यावर घरीं जातें. तरुण सभासद सभा आटोपून आपल्या संसारास लागतो. केडगांवच्या मुलींस परतण्यास घरच नव्हतें. त्यांची शाळा, कारखाना, निजावयाची जागा व देवालय एकाच आवारांत. सबब तेथील धर्मशिक्षण हें आठवड्यांतून एकदां द्यावयाचा पाठ नव्हे, तर चोवीस तासांचें राहणें होतें. त्यांतील लाभ उघड आहे. त्यांतील धोकाही तितकाच उघड असून त्याचा विचार पुढें करूं.

सदनाची रचना वयानें व गरजेनें ठरलेली होती. शारदासदन, दुर्दैवानें वाममार्गास लागलेल्या स्त्रियांकरितां कृपासदन, वृद्ध व पंगु ह्यांकरितां प्रीतिसदन, मुलग्यांकरितां सदानंदसदन आणि आंधळ्या मुलींकरितां वेगळा विभाग, असे त्याचे भाग होते. अमेरिकेंत असतांना (१८८६-८८) रमाबाईंनीं फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता व तिचा उपयोग त्यांनीं लहान मुलांच्या शिक्षणांत केला. मोठ्या मुलींस शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुभतें, धुलाई, छापखाना ह्यांपैकीं कोणतें तरी काम शिकावें लागे. वाचतां येणाऱ्या मुलींतून निवडून पवित्र शास्त्राचा अभ्यास करणारा वर्ग निराळा केलेला होता. ह्या वर्गाच्या कामांत रमाबाईंस मिनी एब्रम्स ह्या अमेरिकन बाईंचें मोठें साहाय्य असे. एब्रम्सबाई १८८७ सालीं मेथडिस्ट मिशनतर्फे मुंबईस आल्या व पुढें तें मिशन सोडून १८९८ च्या सुमारास केडगांवीं येऊन राहिल्या.

आतां प्रस्तुत वर्षाकडे वळूं. त्याचें बीज दोन वर्षें आधीं पडलें होतें. ऑस्ट्रेलियांत मोठी धर्मजागृति झाल्याची वार्ता ऐकून रमाबाईंनीं १९०३ सालीं आपली कन्या मनोरमाबाई व एब्रम्सबाई ह्यांस तिकडे पाठविलें. तेथें लहान लहान मंडळें करून नियमानें प्रार्थना करण्याची जी रीति होती, ती त्यांनीं पाहिली. १९०४ च्या अखेरीस वेल्स प्रांतांत जागृति सुरू झाली आणि १९०५ च्या वसंतांत वेल्श मिशनच्या आसामांतील खासी मंडळ्यांत ती पोंचली. ह्या वार्ता केडगांवीं वाचून दाखविल्या जात. पण अनुकरणापेक्षां तयारीचा भाग मोठा होता, असें आमचें मत आहे.

जानेवारी १९०५ मध्यें रमाबाईंनीं मुलींपुढें गोष्ट मांडली आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनीं दररोज आपणांबरोबर प्रार्थनेस बसावें, असें सांगितलें. सत्तर जणी पुढें आल्या. पुढील महिन्यांत हळूहळू भर पडत जाऊन जूनच्या अखेरीस ही संख्या साडेपांचशेंवर गेली, आणि बैठक दिवसांतून दोनदां होऊं लागली. सत्तरांपासून साडेपांचशेंपर्यंतची ही पांच-सहा महिन्यांची चढण चरित्रकार एका वाक्यांत उरकतात. वस्तुतः त्या वर्षाचा गाभा हाच आहे. दोन हजारांच्या वस्तींत सत्तर मुली स्वेच्छेनें वेगळ्या निघतात, त्यांची बैठक मोडत नाहीं, उलट वाढत जाते, ह्यास केवळ उत्साह पुरत नाहीं. जागा, वेळ, वडीलधारी बाई व शिस्त हीं लागतात. हीं सर्व सदनानें आठ वर्षांत निर्माण केलीं होतीं.

जूनमध्यें रमाबाईंनीं दुसरें पाऊल टाकलें. शास्त्राभ्यासाच्या वर्गांतील मुलींपैकीं ज्या आपला इतर अभ्यास बाजूस ठेवून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास जातील, त्यांनीं नांवें द्यावीं, असें त्यांनीं विचारलें. तीस तरुण स्त्रियांनीं नांवें दिलीं. ह्या तीस जणी त्या कामास लागणारें सामर्थ्य मिळावें म्हणून दररोज प्रार्थना करीत असतां ता. २९ जून रोजीं, गुरुवारीं, पहांटे साडेतीन वाजतां त्यांपैकीं एकीस जो अनुभव आला, तेथून प्रसिद्ध प्रकरण सुरू होतें. शेजारीं निजलेल्या मुलीस ती ज्वाळांनीं वेढलेली दिसली. ही शेजारीण धांवत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोंच, ती जळत नाहीं असें तिच्या ध्यानांत आलें. तासाभरांत आवारांतील बहुतेक तरुण मुली जमून रडूं लागल्या, प्रार्थना करूं लागल्या व आपापलीं पापें बोलून दाखवूं लागल्या. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं रमाबाई नेहमींच्या शांतपणानें योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असतां सर्व मुली एकदम मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या, व त्यांस बोलणें थांबवावें लागलें. वर्गांचा नेहमींचा क्रम त्यानंतर कांहीं काळ बंदच राहिला.

आगीचा प्रकार काय होता, हा प्रश्न इतिहासाच्या हातांतला नव्हे. मात्र त्या वृत्तांतांतील बादली आम्हांस फार बोलकी वाटते. एकीच्या अंगावर आग दिसतांच दुसरी पळून न जातां पाणी आणावयास धांवते, ह्यावरून त्या निजावयाच्या दालनांत मुली एकमेकींस कशा सांभाळीत असत हें कळतें. रमाबाईंनीं त्या सायंकाळीं घेतलेला अध्यायही लक्षांत घेण्याजोगा आहे. दगडमार करावयास आणलेल्या स्त्रीची गोष्ट व सत्यानें मिळणाऱ्या मोकळीकीचें वचन हीं दोन्ही त्यांत आहेत. ज्या श्रोतृवर्गांत कृपासदनांतील स्त्रिया होत्या आणि ज्या घराचें नांवच मुक्ति, तेथें तो अध्याय कोरडा पाठ झाला नसेल.

येथें एक कालगणनेची गोष्ट नमूद करितों. ता. २९ जून १९०५ हा दिवस शके १८२७ च्या ज्येष्ठ वद्याच्या शेवटच्या दिवसांत पडतो. आषाढाचा आरंभ त्या वर्षीं जुलैच्या तीन तारखेच्या सुमारास झाला. देहूहून ज्येष्ठ वद्यांत निघणारी तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी, यवत, वरवंड ह्या वाटेनें पंढरीस जाते, आणि ही वाट केडगांवच्या अगदीं जवळून आहे. एकाचा दुसऱ्याशीं कार्यकारणसंबंध लावण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु शेंकडों कंठांनीं एकदम देवास आळविणें, त्यांत डोळ्यांस पाणी येणें, देहभान हरपणें ह्या गोष्टी त्या मुलखांत परक्या नव्हत्या, एवढें सांगणें प्राप्त आहे. गोऱ्या पाद्र्यांस जें चमत्कारिक वाटलें तें रस्त्यावरील कुणब्यास तितकें वाटलें नसतें.

जागृतीनंतरचे सहा महिने हे ह्या वर्षाचें खरें फळ होय. भावनेचा पूर आला कीं तो ओसरतो, असा सर्वत्र अनुभव. रमाबाईंनीं त्यास पाट काढून दिले. प्रार्थनेस व सेवेस वाहून घेतलेल्या मुलींची संख्या पुढें सातशेंपर्यंत गेली. त्यांच्या टोळ्या पाडण्यांत आल्या, आणि त्यांपैकीं सुमारें साठ जणी दररोज पाळीपाळीनें आसपासच्या खेड्यांत जात. हिशेब केला तर प्रत्येकीची पाळी साधारण बाराव्या दिवशीं येई. म्हणजे उरलेले दिवस अभ्यास व काम ह्यांस मोकळे राहात. ज्यांच्याकरितां प्रार्थना करावयाची त्यांच्या नांवांच्या याद्या टोळ्यांस वांटून दिलेल्या असत, आणि सहकाऱ्यांनीं लिहिलेल्या वृत्तांतांत अशा नांवांचा आंकडा एकोणतीस हजारांवर दिला आहे. रमाबाईंच्या बुद्धीची ठेवण ह्यांत स्पष्ट दिसते. ज्या बाईनें दुष्काळांत शेंकडों मुलींचें अन्नवस्त्र हिशेबानें चालविलें, तिनें प्रार्थनाही हिशेबानें चालविली.

लहान मुलीही ह्यांतून वगळलेल्या नव्हत्या. लहान, मधल्या व मोठ्या अशा तिन्ही वयांच्या मुलींचा निर्देश वृत्तांतांत येतो, आणि वयानें लहान असलेल्यांनीं तासच्या तास प्रार्थनेंत घालविल्याचें लिहिलें आहे. सदनाबाहेरही हें लोण गेलें. रमाबाई कांहीं मुलींस घेऊन पुण्यास गेल्या, व त्यानंतर इतर मिशनांच्या मंडळ्यांतही जागृति झाली. दौंड येथें आल्बर्ट नॉर्टन ह्यांचें मुलग्यांचें अनाथगृह होतें. त्याचा केडगांवशीं निकट संबंध असून ह्या सर्व प्रकाराचे नॉर्टन हे प्रत्यक्ष साक्षी होते.

आतां मागें सोडलेल्या प्रश्नाकडे येऊं. अन्न, वस्त्र व निवारा ज्याच्या हातून मिळतो त्याचा धर्म अनाथ मुलानें स्वीकारला, तर तो स्वीकार कितपत मोकळा समजावा? हा प्रश्न रमाबाईंच्या काळींही विचारला गेला होता. १८९३ सालीं शारदासदनांत धर्मांतराचा प्रकार होतो ह्या मुद्द्यावरून पुण्यांत मोठा वाद माजला, ‘केसरी’नें कडक टीका केली, न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं अंग काढून घेतलें, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली नेल्या. केडगांवीं तर नेण्यास पालकच नव्हते. तेव्हां १९०५ च्या वर्षांतील प्रत्येक गोष्ट पूर्ण स्वेच्छेची होती असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. उलट, सर्व कांहीं वरून लादलेलें होतें असें म्हणण्यासही पुरावा आड येतो. दोन हजारांतून सत्तर, नंतर साडेपांचशें, हे आंकडे सक्तीचे नसतात. सक्ति असती तर पहिल्याच दिवशीं सर्व दालन भरलें असतें. खेड्यांत जाण्याकरितां प्रथम तीसच पुढें आल्या, ही गोष्टही तेंच सांगते. नकार देण्यास जागा होती, आणि बहुसंख्य मुलींनीं आरंभीं ती घेतली.

दुसरी टीका उलट बाजूनें आली. कित्येक युरोपीय मिशनऱ्यांस हा गलबला, हें रडणें, एकाच वेळीं सर्वांनीं बोलणें रुचलें नाहीं. १९०६ सालीं अनोळखी भाषांत प्रार्थना होऊं लागल्यावर नाराजी अधिकच वाढली. रमाबाईंनीं आपल्या ‘मुक्ति प्रेअर बेल’ ह्या इंग्रजी पत्रांत ह्या आक्षेपांस उत्तर दिलें. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, हिंदी ख्रिस्ती जनांनीं पाश्चात्यांच्या ठरीव रीतीनेंच भजनपूजन करावें असा आग्रह कां असावा. देवाचें काम त्यांच्या स्वभावास अनुसरून होऊं द्यावें. ज्या बाईस पुण्याच्या सनातन्यांनीं परकी ठरविलें, तिनेंच परक्यांपुढें देशी मनाची बाजू मांडली, हा योग विचार करण्याजोगा आहे.

ह्या वर्षाचे जे वृत्तांत आपणांस मिळतात ते मुख्यतः इंग्रजी आहेत व परदेशांतील देणगीदार वाचकांकरितां लिहिलेले आहेत. एब्रम्सबाईंची माहिती आणि हेलन डायर ह्यांचीं पुस्तकें हीं त्यांत प्रमुख. त्यांत तारीख आहे, संख्या आहे, पण त्या पहिल्या मुलीचें नांव दिलेलें नाहीं, आणि बादली आणणारीचेंही नाहीं. मुली जें बोलल्या तें मराठींत, हिंदींत वा गुजराथींत बोलल्या. आपण वाचतों तें त्याचें इंग्रजी. असे वृत्तांत वाचतांना विशेषणें बाजूस ठेवून क्रियापदांकडे पाहावें, असा आमचा परिपाठ आहे. कोण आलें, कोण उठलें, कोणीं पाणी आणलें, कोण खेड्यांत गेलें, एवढें वेंचलें तरी ज्या मुलींचा उल्लेख पांच वर्षांपूर्वीं केवळ दुष्काळग्रस्तांच्या आंकड्यांत होत होता, त्या येथें कर्त्याच्या जागीं आलेल्या दिसतात.

त्या वर्षाचे धागे फार दूरवर गेले. एब्रम्सबाईंनीं १९०६ सालीं आपला अनुभव व त्यावरील विवेचन एका लहान पुस्तकांत प्रसिद्ध केलें. त्यांच्या विद्यार्थिदशेंतील एक मैत्रीण लग्नानंतर दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत वाल्पाराइसो येथें होती. तिच्याकडे तें पुस्तक गेलें, व १९०९ सालीं तिच्या पतीच्या, विलिस हूव्हर ह्यांच्या, मंडळींत जी चळवळ उठली तिच्या मुळाशीं केडगांवचें उदाहरण होतें. चिलींतील पेंटेकोस्टल पंथ आज आपला आरंभ तेथूनच मोजतो.

घरच्या बाजूचा धागा निराळा आहे. खेड्यांतील बायकांस शास्त्र सांगूं लागलेल्या मुलींपुढें भाषेची अडचण होती. चालू मराठी भाषांतर पंडिती वळणाचें आहे व अशिक्षित स्त्रियांस समजत नाहीं, असें रमाबाईंचें मत होतें. हिब्रू व ग्रीक शिकून मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठींत नवें भाषांतर करण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें आणि तें अखेरपर्यंत चालविलें. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतचें काम केडगांवच्या छापखान्यांत तेथील मुलींनीं व बायांनीं केलें. मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजीं वारल्या. रमाबाईंनीं भाषांतर पुरें केलें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचाही अंत झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.